कारखाना येईल तेव्हा येईल, आधी दारचा धंदा वाढवू
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



गावात पुढारी आला की आपली एकच मागणी : "साहेब, एखादा कारखाना आणा." जागा ठरते, पाटी लागते, कारखाना येत नाही. पोरं मात्र पुण्या-मुंबईची एसटी धरतात. आम्ही म्हणतो, नवा धंदा बोलावण्याआधी दारात उभा असलेला धंदा बघा.

तासगावचा बेदाणा घ्या. ताजं द्राक्ष थांबत नाही. व्यापाऱ्याने भाव पाडला की बागायतदाराचे हातपाय गळतात. बेदाणा थांबतो. चार किलो द्राक्षं डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या रॅकवर टाकली की पंधरा-वीस दिवसांत साधारण किलोभर बेदाणा होतो. तो कोल्ड स्टोरेजात ठेवला, की "आज विकायचा नाही" असं म्हणायची ताकद शेतकऱ्यात येते.

या एका धंद्यामागे किती धंदे आले ते मोजा. शेड उभारणारे वेल्डर, जाळीचे दुकानदार, प्रतवारीची यंत्रं, कोल्ड स्टोरेज, पेट्या, टेम्पो, सौद्याचे अडते. यांना कुणी आवतण धाडलं नव्हतं. माल होता म्हणून ते आले. २०१६ साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

पण काम अर्धंच झालंय. पंधरा किलोची पेटी भरली की आपण मोकळे. पाव किलोची पुडी बांधणारा, तिच्यावर नाव छापणारा दुसराच. नफाही त्याचाच. आणि अवकाळी पावसात शेडवरचा बेदाणा काळा पडला, तर तो तोटा मात्र आपला.

सरकारकडे बक्षिसी मागू नका. दिवसा पुऱ्या दाबाची वीज, शेतापर्यंत पक्का रस्ता आणि ठेवलेल्या मालावर वेळेत तारण कर्ज, एवढं मागा. हे असेल तिथे जुना धंदा वाढतो आणि नवा आपल्या पायाने येतो. हे नसेल तर सवलत देऊन आणलेला कारखानाही सवलत संपली की कुलूप लावतो.

जाताना एक काम घेऊन जा. आपल्या शिवारातला कोणता माल कच्चा बाहेर जातो आणि पक्का होऊन आपल्याच दुकानात महाग विकायला येतो, याची यादी गावात बसून करा. हळद असेल, तूर असेल, चिंच असेल. यादी पुढच्या बैठकीला आणा. तुमच्या गावचा पुढचा धंदा त्या यादीतच आहे.