नांदत्या घरातली लाकडी जमीन

घरात मुलांची पळापळ, दिवसभर सरकणाऱ्या खुर्च्या, पावसाळ्यात ओले पाय, आणि तरीही जमीन लाकडाची हवी? जरूर करा. फक्त दुकानात रंग पाहण्याआधी फळीची कड पाहा. लॅमिनेटवर दिसतात ते लाकडाचे रेषे छापील कागदाचे असतात. झिजलं की घासून नवं करता येत नाही. एंजिनिअर्ड फळीत प्लायवर खऱ्या लाकडाचा थर असतो. तो ३-४ मिलिमीटर असेल तर पुढे एक-दोनदा घासता येतो, अर्धा मिलिमीटर असेल तर मुळीच नाही. भरीव सागवान घेताना सोनेरी-तपकिरी गाभाच मागा. कडेचं फिकट लाकूड वाळवी आधी धरते.

आता पॉलिश. पॉलियुरेथेनचा थर सांडलेला चहा वरच्या वर अडवतो, पण खोल ओरखड्याची डागडुजी लपत नाही. तेल मुरवलेल्या जमिनीला अधूनमधून तेल पाजावं लागतं. मात्र जिथे ओरखडा, तेवढंच घासून भागतं. मुलांच्या घरात मी मॅट पॉलियुरेथेनच सुचवेन. चकचकीत पॉलिशवर रेघ न् रेघ उठून दिसते.

पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून भिंतीलगत साधारण १० मिलिमीटर फट सोडायला सांगा. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. फळ्या आणल्या आणल्या बसवू नका, दोन-तीन दिवस त्याच खोलीत आडव्या ठेवा. आणि दाराशी जाड पायपुसणं हवंच. पॉलिश खातात ते चपलांबरोबर आलेले वाळूचे कण.