आखाजी : द्यायचा दिवस की घ्यायचा?

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात सिन्नर येथे झालेले भाषण)



विषय दिलाय 'वारकरी आणि बाजार'. आधीच सांगतो, बाजार वाईट असं म्हणायला मी उभा नाही. तुकोबाराय स्वतः महाजनाच्या घरचे, दुकान चालवलेले. आपल्या सिन्नरची पोरं माळेगाव-मुसळगावच्या एमआयडीसीत कामाला जातात. माल खपतो तेव्हाच त्यांच्या घरी पगार येतो. प्रश्न एवढाच, आपल्याला काय हवं ते कोण ठरवतं? आपण, की जाहिरात?

आखाजीचंच बघा. अक्षय्य तृतीया म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला दिवस. आपल्याकडं त्या दिवशी काय करायचे? पाण्याची घागर पुजायची, पितरांना घास द्यायचा, सासुरवाशीण लेक माहेरी यायची, झोक्यावर गाणी म्हणायची. वैशाखाचं ऊन म्हणून पाण्याची घागर, छत्री, वहाणा दान द्यायच्या. त्या दिवशी दिलेलं अक्षय होतं, ही श्रद्धा. म्हणजे मुळात हा द्यायचा दिवस.

आता त्या दिवशीचा पेपर उघडा. पानंच्या पानं सोन्याची. घडणावळीवर सूट, हप्त्याची सोय. 'अक्षय' शब्द तोच ठेवला, पण देण्याच्या जागी घेणं बसवलं. सोनं पूर्वीही घ्यायचे, नाही असं नाही. पण ज्याच्या गाठीला पैसा होता तो घ्यायचा. आता ज्याच्याकडं नाही त्यालाही वाटतं, आज काही घेतलं नाही तर आपलं काहीतरी चुकलं. कांद्याला भाव नाही त्या वर्षीही तसंच वाटतं. आणि माहेरी आलेल्या लेकीला शेजारीण विचारते, "काय घेतलं गं यंदा?" झोका राहतो बाजूला.

आपल्या देशात सोनं निघतं अगदी थोडं. वर्षाला साधारण ७०० ते ८०० टन लागतं, ते जवळजवळ सगळं बाहेरून येतं. एवढं खपवायचं तर मुहूर्ताचा आधार बरा पडतो.

जाहिरात वस्तू नंतर दाखवते, आधी उणीव दाखवते. 'फेअर अँड लव्हली' क्रीम १९७५ साली आलं. कितीतरी वर्षं जाहिरातीत सावळी पोरगी उदास, गोरी झाली की हसरी. २०२० साली त्यांनी नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. नाव बदललं, पण आपल्या सावळ्या लेकींच्या मनात जे बसलं ते कोण काढणार? अहो, आपला देवच सावळा! त्या सावळ्या रूपासाठी आपण पंढरपूरपर्यंत चालतो आणि घरातल्या सावळ्या पोरीला क्रीम आणून देतो.

परंपरा सांगते, दुष्काळानंतर तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. आपण उलटं करतो. हप्त्याच्या कागदावर सही करून कर्जखत हौसेनं घरी आणतो.

आता दिंडीपुढचा प्रश्न. शताब्दी म्हणून एका कंपनीनं सगळ्यांना रेनकोट देऊ केलेत. अट एकच, पाठीवर त्यांचं नाव. काही जण म्हणतात, म्हातारी माणसं प्लास्टिकचा कागद पांघरून भिजतात, घ्यायला काय हरकत? त्यांचं म्हणणं खरं आहे, भिजणाऱ्याचा विचार झालाच पाहिजे. पण वारीत तीन आठवड्यांहून जास्त आपण पुढच्या माणसाची पाठ बघत चालतो. तिथं काय दिसावं? दान असेल तर बिननावाचं द्यावं, आपण हात जोडून घेऊ. नाव हवंच असेल तर ते दान नाही, आपल्या पाठीचं भाडं आहे. माझी सूचना अशी, ज्याला जमेल त्या घरानं आपल्या रेनकोटाबरोबर आणखी एकाचा खर्च उचलावा. घेणाऱ्याचं नाव वहीतसुद्धा लिहू नये.

आणि घरासाठी एक साधा नेम. जाहिरात बघून एखादी वस्तू घ्यावीशी वाटली, तर मध्ये एक एकादशी जाऊ द्या. त्यानंतरही ती लागणार असेल तर खुशाल घ्या. आठवणसुद्धा राहिली नाही, तर समजा, ती इच्छा आपली नव्हतीच.

गळ्यातली तुळशीची माळ काही रुपयांची. तिच्यावर सूट नाही, हप्ता नाही. ती घातली की लहान-थोर एकमेकांच्या पाया पडतात. तो मान दुकानात मिळत नाही, माऊली.

रामकृष्ण हरी!