क्राउन-पिनियनची जोडी



शहाद्याला लागून असलेल्या आमच्या लोणखेड्यात गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि वाट पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याची. एवढा भार ओढल्याचं श्रेय आपण इंजिनाला देतो. ट्रॅक्टर घेतानाही पहिला प्रश्न असतो हॉर्सपॉवरचा. पण इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे वळवणारी जोडी हौसिंगमध्ये तेलात बुडून फिरत असते, आणि बिघडेपर्यंत तिची कुणाला आठवण होत नाही. आज तिच्याविषयी बोलायचं आहे.

इंजिनाकडून येणारा शाफ्ट गाडीच्या लांबीत फिरतो. चाकांचे एक्सल मात्र आडवे. म्हणजे फिरण्याची दिशा काटकोनात वळवायची, आणि वेग कमी करून जोर वाढवायचा. शाफ्टच्या टोकाला असलेला छोटा पिनियन मोठ्या क्राउनला फिरवतो, तेव्हा ही दोन्ही कामं एकदम होतात. समजा पिनियनला ९ दाते आहेत आणि क्राउनला ३७. पिनियन चार वेळा पुरता फिरून थोडा पुढे जाईल, तेव्हा क्राउनचा एक फेरा होईल. वेग चौपटीहून अधिक घटला, जोर तेवढाच वाढला.

आता हे ३७ का, सरळ ३६ का नाहीत? ३६ असते तर पिनियनचा एक दाता कायम क्राउनच्या त्याच चार दात्यांना भेटला असता, आणि एका दात्यातली खोट त्या चारांनाच खात राहिली असती. ३७ घेतल्यावर पिनियनचा प्रत्येक दाता आळीपाळीने क्राउनच्या सगळ्या दात्यांना भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. हा हिशेब कळला तेव्हापासून मला या यंत्राबद्दल फार आदर वाटतो.

क्राउन दोन्ही एक्सलना थेट घट्ट जोडला असता तर गाडी नीट वळलीच नसती. बैलगाडीला ही अडचण नाही, तिची दोन्ही चाकं आसावर आपापली मोकळी फिरतात. ट्रॅक्टरच्या दोन्ही चाकांना मात्र जोर पोहोचवायचा असतो. मागच्या दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर धरा. बांधाशी अर्धा वळसा घेताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ४.७ मीटर जास्त चालतं. तोरणमाळच्या घाटात तर प्रत्येक वळणावर हाच प्रकार. म्हणून क्राउनच्या पोटात छोटे गिअर बसवतात, मिस्त्री त्यांना स्टार म्हणतात. सरळ रस्त्यावर ते स्वतःभोवती फिरत नाहीत, वळणावर फिरतात. आतल्या चाकाचा जितका वेग कमी होतो तितका बाहेरच्याचा वाढतो. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी या रचनेचं पेटंट घेतलं. मोटारगाडी तेव्हा जन्मायची होती.

याच रचनेमुळे, म्हणजे डिफरन्शियलमुळे, काळ्या जमिनीत ट्रॅक्टर अडकतो. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक चिखलात गरगर फिरू लागलं की त्याला लागणारा जोर नगण्य, आणि मग कोरड्या जागेवरच्या चाकालाही तेवढाच नगण्य जोर मिळतो. ते जागचं हलत नाही. अशा वेळी रेस वाढवून खड्डा खोल करू नका. डिफरन्शियल लॉकचा पॅडल त्यासाठीच दिला आहे. तो चाक वेगात घसरत असताना दाबायचा नाही. आधी थांबा, मग लॉक लावा, मग हळू सरळ पुढे या, आणि वळण्याआधी सोडा. लॉक नसेल तर घसरणाऱ्या चाकाच्या बाजूचा ब्रेक हलका दाबा, दुसऱ्या चाकाला जोर मिळेल. रस्त्यावर मात्र दोन्ही ब्रेक पॅडल एकमेकांना अडकवलेलेच हवेत. ट्रॉली मागे असताना एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा होतो.

दुरुस्तीबद्दल माझं मत ठाम आहे. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, जोडीचा क्रमांकही अनेकदा त्यांच्यावर कोरलेला असतो. पैसे वाचवण्यासाठी एकटा पिनियन बदलणं म्हणजे काही दिवसांत दोन्ही घालवणं. नवी जोडी बसवल्यावर दात्यांना रंग लावून फिरवायचं आणि ठसा पाहायचा. तो दात्याच्या मध्याजवळ हवा. टोकाला किंवा कडेला पडला तर शिम बदलून पुन्हा बसवायचं. दोन दात्यांमधली मोकळीक डायल गेजने मोजायची, ती मिलिमीटरच्या अंशातली असते, हाताने हलवून कळत नाही. जो मिस्त्री हे सगळं करतो त्याला वेळ द्या, मजुरीही द्या.

तेलाचंही तसंच. अनेक पिकअप आणि ट्रकमध्ये पिनियन क्राउनच्या मध्यरेषेखाली बसवलेला असतो. तिथे दाते एकमेकांवर घसटतात आणि दाब प्रचंड असतो, म्हणून त्याला जीएल-५ प्रतीचं तेल लागतं. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि मागचं हौसिंग यांना एकच तेल असतं, ते वेगळं. पुस्तकात लिहिलेलंच भरा.

हंगामाआधी एकदा तळाचा प्लग काढून तेल पाहा. प्लगच्या चुंबकावर करडा, मऊ लेप असेल तर काळजी नाही. पण बोटाला धातूचा तुकडा लागला, तर ट्रॉली जोडू नका. हौसिंग उघडून घ्या.