चार नववर्षं आणि चौथी सीट



आमच्या मीरा-भाईंदरमध्ये नवं वर्ष एकदा येऊन भागत नाही. चैत्रात दारोदारी गुढ्या उभ्या राहतात. दिवाळीच्या पाडव्याला भाईंदरच्या बाजारात गुजराती दुकानदार ‘साल मुबारक’ म्हणत मिठाई पुढे करतात. मोहरम लागला की नयानगरातल्या मुसलमान कुटुंबांचं हिजरी साल बदलतं. आणि ३१ डिसेंबरच्या रात्री उत्तनच्या ख्रिस्ती कोळीवाड्यांत मिस्सा आटोपून माणसं गळ्यात गळे घालतात. शेजारच्या मल्याळी घरातलं विशू तर मी धरलंच नाही. याचा मोठा फायदा असा, की जानेवारीत केलेला संकल्प मोडला तर पाडव्याला नव्याने करता येतो, आणि तोही मोडला तर दिवाळी आहेच.

संकल्प तरी कसले? वजन उतरवायचं, पहाटे उठायचं, मोबाइल कमी बघायचा. ‘यंदा चारचौघांत नीट वागेन’ असा संकल्प केलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. कारण सरळ आहे. वागायची अक्कल नसते ती नेहमी दुसऱ्याला!

पण आम्हाला शिस्त येतच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. विरार लोकलमध्ये या. १८६७ साली विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली, तेव्हा दिवसाला एकच गाडी होती म्हणतात. आज गाड्या शेकड्यांनी आहेत आणि बाक मात्र तिघांचाच. त्यावर बसतात चौघे. ‘जरा सरका’ एवढं म्हटलं की तिघेही, कपाळावर आठी घालून का होईना, सरकतात. चौथा अर्ध्या मांडीवर टेकतो, एक पाय वाटेत. तिसरा उतरला की तो आत सरकतो आणि नवा चौथा येतो. पाठीवरची बॅग चढताच छातीवर येते. अंधेरी किंवा बोरिवली आली की बसलेला उठून मघापासून उभ्या असलेल्या दोस्ताला जागा देतो. रेल्वेच्या कुठल्या पुस्तकात हे लिहिलेलं नाही. बोरिवलीला उतरायचं असेल तर विरार फास्टमध्ये चढू नये, हेही कुठे लिहिलेलं नाही. पण चढून पाहा, डबाभर शिक्षक भेटतील.

हाच शिस्तीचा माणूस भाईंदरला उतरतो, रिक्षाच्या रांगेत मधेच घुसतो आणि स्वतःच्याच सोसायटीच्या जिन्यात, कोपरा बघून, पिचकारी मारतो. म्हणून मग सोसायटी त्या कोपऱ्यात देवांच्या फरशा बसवते. गणपती, शेजारी साईबाबा, मक्का, क्रूस, गुरू नानक. सर्वधर्मसमभाव पाहायचा तर आमचा जिना पाहावा. सगळे देव एका रांगेत थुंकीवर पहारा देतात! मला वाटतं, डब्यात शंभर डोळे आपल्यावर असतात म्हणून आपण सभ्य असतो. जिन्यात कुणी नसतं, तेव्हा डोळे फरशीवर छापून आणावे लागतात.

आता ३१ डिसेंबरच्या रात्री गच्चीवर रंगणाऱ्या पार्टीकडे वळतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकारला ही वेळ १२ पर्यंत वाढवून देता येते, आणि थर्टीफर्स्टचा नंबर त्यात बहुधा लागतोच. गंमत बघा, ज्या ठोक्याला नाचायचं, त्याच ठोक्याला डीजे बंद करायचा! हे कठीण आहे, मला मान्य आहे. तरी बाराला पाच कमी असताना डीजेवाल्याला एकदा आठवण करा. खालच्या मजल्यावर कुणाचं तान्हं मूल असेल, कुणाला पहाटेची ड्यूटी असेल. बारा वाजता समोरच्या इमारतीला शुभेच्छा तोंडानेच द्या. आपल्याकडे दोन इमारतींत जेवढं अंतर सोडतात, ते पाहता त्या नक्की ऐकू जातील.