शाई, खळ आणि टेबल

ठसेकामात आणि कागदकामात टेबलाचे नुकसान तीन वाटांनी होते. शाई, रंग आणि खळ सांडून पृष्ठभागात मुरतात. कागद कापताना पाते कागदाच्या खाली उतरते. इस्त्रीची किंवा गरम हवेच्या यंत्राची धग पॉलिश पोळते. या तिन्हींना पुरे पडेल असे एकच आच्छादन नाही. ओलावा अडवायला नितळ, पाणी न झिरपणारा थर हवा, तर पाते झेलायला जाड आणि किंचित दबणारा थर हवा, आणि धगीपुढे हे दोन्ही बहुधा हार खातात. खान्देशात यात हवेची भर पडते. जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जातो, आणि अशा दिवसांत टेबल वाचवण्यासाठी अंथरलेली वस्तूच टेबलाला चिकटून बसते.

हे काम घरोघरी चालते. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला कागदकाम असते, आणि भेंडीचा किंवा बटाट्याचा ठसा कधी उमटवला नाही असे मूल विरळाच. श्रावणात राख्या, भाद्रपदात गणपतीचे मखर, दिवाळीच्या तोंडावर आकाशकंदील, शिवाय शाळांची हस्तलिखिते. अमळनेरला तर हस्तलिखिताला मोठा वारसा आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तिथल्या शाळेत शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. आजच्या हस्तलिखिताच्या मुखपृष्ठावर ठसे, चमकी आणि कातरलेला रंगीत कागद एकत्र येतात. एवढा पसारा मांडायला वेगळे टेबल असलेली घरे थोडी. जेवणाच्या नाहीतर अभ्यासाच्या टेबलावरच तो मांडला जातो आणि रात्री तेच टेबल पुन्हा मोकळे करून द्यावे लागते.

टेबल कशाचे आहे, यावर पुढचे सगळे ठरते. जुन्या घरांत सातपुड्याच्या सागाची टेबले अजून दिसतात. त्यांवर बहुधा लाखेचे पॉलिश असते. हे पॉलिश लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच तयार करतात, त्यामुळे स्पिरिट असलेला कोणताही पदार्थ त्यावर पडला की वाळलेली लाख पुन्हा सुटते. पक्क्या शाईचा मार्कर, ठसे पुसायचे द्रावण आणि हात स्वच्छ करायचे सॅनिटायझर हे तिन्ही या यादीत येतात. साध्या पाण्याचा ओला पेला काही तास राहिला तरी लाखेवर पांढरट वर्तुळ उमटते. अशा टेबलावर ठसेकाम उघड्याने करूच नये.

सनमायका चढवलेले टेबल त्या मानाने सोशीक असते. पोस्टर रंग, खळ, पाण्यात मिसळणारी शाई ओल्या फडक्याने निघते आणि मार्करची रेघ थोड्या स्पिरिटने जाते. सनमायकाचा वैरी म्हणजे पाते. तिचा रंगीत थर अगदी पातळ असतो. कटरची एक खोल रेघ कायमची राहते आणि पुढच्या वेळी सांडलेली शाई नेमकी त्या रेघेत जाऊन बसते. काचेला शाईचे भय नाही, वाळलेला गोंदही तिच्यावरून खरवडता येतो. मात्र काचेवर कापले की पात्याची धार लगेच जाते आणि कागद सरकतो. जमिनीवर बसून काम करणाऱ्यांनी फरशी पाहून घ्यावी. शहाबादी आणि कोटा हे दगड सच्छिद्र असल्याने शाई पिऊन टाकतात. चकचकीत टाइलवर डाग तेवढा मुरत नाही, पण दोन टाइलांमधल्या पांढऱ्या सांध्यात तो वर्षानुवर्षे दिसत राहतो.

आच्छादन म्हणून पहिली आठवण येते ती पारदर्शक प्लास्टिकच्या टेबलक्लॉथची. पाणी अडवण्यात तो चोख आहे, आणि खान्देशातल्या उन्हाळ्यात सर्वांत दगाबाजही तोच. हा टेबलक्लॉथ पीव्हीसीचा असतो. पीव्हीसी मुळात कडक. जळगावच्या कारखान्यांतून शेतोशेती जाणारे पाइप त्याचेच असतात. त्याचा मऊ, घडी पडणारा पत्रा करायचा तर त्यात तेलासारखी द्रव्ये मिसळावी लागतात. ही द्रव्ये प्लास्टिकमध्ये पक्की बांधलेली नसतात. उष्णतेत ती हळूहळू बाहेर येतात आणि खालच्या पॉलिशमध्ये शिरून त्यालाही मऊ करतात. मग पॉलिश आणि प्लास्टिक एकजीव होतात. दोन महिन्यांनी टेबलक्लॉथ उचलला की पॉलिशचे पापुद्रे त्याच्याबरोबर येतात. रेक्झिनच्या वरच्या थराचेही असेच आहे, तिची कापडी बाजू खाली ठेवली तर धोका बराच टळतो. पॉलिशच्या टेबलावर आधी जुनी सुती चादर आणि तिच्यावर प्लास्टिक हा उपाय सोपा आहे. काम संपल्यावर प्लास्टिक काढून गुंडाळून ठेवणे त्याहून चांगले.

जळगावच्या प्लास्टिकच्या चटया मात्र वेगळ्या जातीच्या. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत विणल्या जाणाऱ्या या चटया पॉलिप्रॉपिलिनच्या असतात आणि देशभर, परदेशातही जातात. पॉलिप्रॉपिलिनला लवचीक करायला तसली द्रव्ये लागत नाहीत, त्यामुळे चटई पॉलिशला चिकटत नाही. शिवाय या प्लास्टिकवर गोंद नीट धरत नाही. सांडलेला पांढरा गोंद वाळला की चटई वाकवून तो सालासारखा काढता येतो. उणीव एकच, पण मोठी. चटईची वीण उंचसखल असते. तिच्यावर कागद ठेवून ठसा मारला की चित्राबरोबर विणीच्या रेघाही उठतात, आणि विणीच्या फटींतून पातळ शाई खाली उतरते. म्हणून चटई सगळ्यांत खाली पसरण्यासाठी किंवा मुलांच्या बैठकीखाली घालण्यासाठी उत्तम. प्रत्यक्ष ठशासाठी तिच्यावर गुळगुळीत पाट किंवा हार्डबोर्ड हवाच.

तिसरे आच्छादन कागदाचे. वर्तमानपत्र स्वस्त, मोठे आणि शोषून घेणारे असते, पण त्याची शाई पूर्ण वाळत नाही. ती कागदाच्या तंतूंत मुरून राहते आणि दाबाखाली पांढऱ्या कार्डाच्या पाठीवर करडी छटा सोडते. भेंडीच्या ठशांना हे चालून जाते, शुभेच्छापत्राला चालत नाही. वर्तमानपत्रावर एक कोरा कागद असावा. सराफांची आणि किराणा दुकानांची मोठी चित्रकॅलेंडरे यासाठी सरत्या वर्षी जपून ठेवावीत, कारण त्यांची पाठ कोरी असते. १९७३ पासून घराघरांत असलेले ‘कालनिर्णय’ या कामी बाद, त्याच्या मागच्या बाजूलाही मजकूर छापलेला असतो.

रावेर-यावल भागात केळीचे पान हाताशी असते. पानावर नैसर्गिक मेणाचा लेप असल्याने पाणी आणि रंग त्यावर थेंब होऊन थांबतात, म्हणून भेंडीच्या ठशासाठी रंग काढायला ते छान थाळी होते. फक्त पान ताजे कापलेले नसावे. देठातून गळणाऱ्या केळीच्या चिकाचा काळपट डाग कापडावरून आणि लाकडावरून जात नाही. शाईपासून टेबल वाचवावे आणि चिकाने डागवावे, यात शहाणपण नाही.

आता ठशाच्या खालच्या थराकडे. ठसा स्वच्छ उठायचा तर खालची जागा सपाट हवी आणि थोडी दबणारीही हवी. टपाल कार्यालयात तारखेचा शिक्का मारताना पाकिटाखाली रबराची गादी ठेवतात ती यासाठीच. धातूचा शिक्का कठीण लाकडावर मारला तर एक कड उठते आणि दुसरी कोरी राहते. कापडावर ठसे छापणाऱ्या सांगानेर आणि बगरूच्या कारागिरांची टेबलेही अशीच गादीची असतात. तागाच्या आणि सुती कापडाचे थरावर थर ताणून ती तयार करतात आणि सगळ्यांत वर एक बदलते कापड घालतात. जास्तीची शाई त्यात जाते आणि कापड खराब झाले की तेवढेच धुवायला काढतात. टेबल राखण्याची ही पद्धत घरच्या छोट्या कामालाही लागू पडते. कायमचा थर खाली, रोज बदलायचा थर वर.

घरात गादीचे काम जुने मासिक किंवा पातळ फोमचा तुकडा करतो. लाकडी मुठीच्या ज्या ठशांना रबराखाली स्पंजाचा थर असतो त्यांना वेगळी गादी कमी लागते. पारदर्शक प्लास्टिकच्या मऊ ठशांखाली फार मऊ गादी नको, कारण खालीही फार मऊ आणि वरही मऊ असले की ठसा दबून त्याच्या कडांची शाई कागदावर येते. भाजीच्या ठशांत पाणी फार असते. भेंडी किंवा बटाटा कापल्यावर फडक्यावर टिपून घेतला नाही तर रंग पातळ होतो, कागद फुगतो आणि ओल खालच्या थरात जाते. वरचा कागद हलू नये म्हणून चारी कोपऱ्यांना क्लिपा लावाव्यात. सेलोटेप उन्हाळ्यात दोनचार दिवस राहिली तर तिचा डिंक सनमायकावर उरतो. तो खोबरेल तेल चोळून निघतो, मात्र हा उपाय कच्च्या लाकडावर करू नये.

कापण्यासाठी मात्र यातला कोणताही थर पुरत नाही. आज स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या, पात्याचे तुकडे मोडत जायच्या कटरचा जन्म ओसाका शहरातला. योशियो ओकादा यांनी १९५६ मध्ये तो तयार केला आणि पुढे त्यातून ओल्फा ही कंपनी उभी राहिली. हे पाते पातळ असते. ते फार बाहेर काढले तर वाकते आणि जोर देऊन रेटावे लागते, मग कागद संपल्यावरही ते थांबत नाही. एकच खूण बाहेर काढून हलक्या हाताने दोनतीनदा फिरवले तर खालची जागाही वाचते आणि बोटेही.

कापायची हिरवी मॅट थरांची बनवलेली असते. पाते वरच्या मऊ थरात शिरते आणि बाहेर आल्यावर तो थर पुन्हा मिटतो. उष्णता तिचा शत्रू. उन्हात, गच्चीवर किंवा बंद गाडीत राहिलेली मॅट वाकते आणि पुन्हा सपाट होणे अवघड असते. तिच्यावर चहाचा गरम कपही ठेवू नये. भिंतीला टेकवून उभी ठेवण्याऐवजी ती कपाटाखाली आडवी सरकवावी. मॅट नसेल तर हार्डबोर्डाची गुळगुळीत बाजू चालते. खोक्याचा पुठ्ठा एकदोनदाच वापरावा, कारण जुन्या चिरेत पाते अडकले की ते पट्टी सोडून त्या चिरेच्याच वाटेने जाते.

गोंदाचे तंत्र वेगळे आहे. पुस्तक बांधणारे मैद्याची खळ शिजवताना तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, तेव्हा ती खळ जेवणाच्या टेबलावर नकोच. घरी कंदिलासाठी केलेल्या साध्या खळीत विष नसते, पण तिचे ओघळ राहिले तर रात्रीत मुंग्या आणि झुरळे येतात. १९५९ पासून बाजारात असलेल्या फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद ओला असताना पाण्याने जातो. वाळल्यावर त्यावर कोमट पाण्याचे फडके काही वेळ ठेवले की तो मऊ पडून निघतो. क्षणात चिकटणाऱ्या गोंदाला हे लागू नाही. तो विरघळवणारे ॲसिटोन नेलपॉलिश काढायच्या द्रावणात असते आणि लाखेचे पॉलिशही त्याने बिघडते. पॉलिशवर पडलेला असा थेंब खरवडत बसण्यापेक्षा तसाच ठेवून सुताराला दाखवणे कमी खर्चाचे पडते.

चमकी, रांगोळी, रंगीत भुकटी यांचे काम परातीत करावे. कार्ड परातीत ठेवून वरून चमकी टाकायची, झटकायची, आणि उरलेली डबीत परत ओतायची. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवता येत नाही, त्यामुळे परातीचा काठ इथे फार उपयोगी पडतो.

ठशावर भुकटी टाकून ती वितळवताना गरम हवेचे यंत्र लागते. त्याची हवा प्लास्टिकचा टेबलक्लॉथ वितळवते, मॅट वाकवते आणि सनमायका ज्या गोंदाने बसवलेली असते तो मऊ करून तिची कड उचलते. अशा कामासाठी घरबांधणीत उरलेला टाइलचा किंवा कडप्प्याचा तुकडा घ्यावा. त्याच्याखाली जाड कापडाची घडी हवी, नाहीतर दगडात साठलेली उष्णता हळूहळू टेबलात उतरते.

आवरतानाचा क्रमही महत्त्वाचा असतो. आधी ठसे पुसावेत, दातांच्या जुन्या ब्रशने त्यांच्या खाचांतली शाई काढावी, आणि हे सगळे आच्छादन जागेवर असतानाच करावे. मग वरचा कागद चारी कडा आत घेऊन उचलावा. सांडलेला डाग पुसताना कडेकडून मधे यावे, मधून बाहेर पुसले तर तो पसरतो. शेवटी टेबल ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसून थोडा वेळ उघडे ठेवावे. पावसाळ्यात हा वेळ जास्त लागतो. ओल अडकलेल्या टेबलावर लगेच प्लास्टिक घातले तर लाखेच्या पॉलिशवर तोच पांढरट डाग येतो.