झान बारे: जहाजातून उतरून बेटं पायी हिंडलेली बाई

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजक मैत्रिणींनी मला 'बाईचं फिरणं' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. फिरणं हा शब्द आपल्याकडे बाईच्या बाबतीत सरळ अर्थानं वापरत नाहीत. पुरुष चार गावं फिरून आला तर तो अनुभवी झाला. बाई 'फिरते' एवढं म्हटलं की पुढचं वाक्य बोलावंच लागत नाही. वस्तीत काम करताना मी पाहते, बाया दिवसभर चालतच असतात. पण चालणाऱ्या बाईच्या डोक्यावर हंडा असतो, मोळी असते, नाहीतर कडेवर मूल असतं. हात मोकळे असतील तर तिला हमखास विचारतात, "कुठं निघालीस?"

आज मी तुम्हाला अशा एका बाईची हकीकत सांगणार आहे, जी अडीचशे वर्षांपूर्वी जहाजावर राहिली आणि जहाज जिथं नांगर टाकेल तिथं उतरून पायी हिंडली. पृथ्वीला वळसा घातल्याची नोंद असलेली ती पहिली बाई. तिचं नाव झान बारे.

झानचा जन्म १७४० साली फ्रान्समधल्या बर्गंडी भागात, एका मजुराच्या घरी झाला. पुढे ती फिलिबेर कोमेरसाँ नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे घरकामाला लागली. त्याची बायको वारली होती. झानला दिवस गेले. त्या काळी फ्रान्समध्ये अविवाहित गरोदर बाईला सरकारदरबारी जाऊन तशी नोंद करावी लागे. १७६४ साली झाननं ती नोंद केली, पण मुलाच्या बापाचं नाव सांगितलं नाही. मूल पॅरिसच्या अनाथालयात गेलं आणि तान्हेपणीच वारलं. आपल्या केंद्रावर अशी बाई आली तर तिच्या कागदात आपण काय काय लिहू, याचा जरा विचार करा. झानच्या कागदात एवढंच आहे.

१७६६ साली फ्रेंच सरकारनं बूगॅनव्हिल या अधिकाऱ्याच्या हाताखाली जगप्रदक्षिणेची मोहीम काढली. कोमेरसाँला तिच्यावर शास्त्रज्ञ म्हणून नेमलं. सोबत एक नोकर न्यायची त्याला परवानगी होती. पण फ्रेंच नौदलाच्या जहाजावर बाईला बंदी होती. तेव्हा झाननं छातीला पट्ट्या आवळल्या, पुरुषाचे कपडे चढवले आणि 'एत्वाल' नावाच्या जहाजावर नोकर म्हणून ती रुजू झाली. १७६७ च्या फेब्रुवारीत जहाज निघालं. त्यावर शंभराहून अधिक पुरुष आणि ही एकटी बाई.

आता तुमच्या मनात जो प्रश्न आला असेल तो मी आधीच घेते. ती लघवीला कुठं जात असेल? हसू नका. सगळ्या प्रवासाचा हा पहिला प्रश्न आहे. खलाशी जहाजाच्या टोकाला, उघड्यावर बसत. कोमेरसाँजवळ सामान फार, म्हणून कप्तानानं आपली मोठी खोली या दोघांना दिली आणि त्या खोलीला वेगळा शौचकूप होता. हा योगायोग झाला नसता तर झानचा प्रवास पहिल्या आठवड्यातच संपला असता. तरी खलाशांना संशय आलाच. तेव्हा आपण खच्ची केलेला पुरुष आहोत असं तिनं सांगितलं, अशी नोंद आहे.

जहाजावर ती कोंडलेली होती, पण जमिनीवर उतरली की तिचं काम सुरू होई. कोमेरसाँच्या पायाला जखम होती, त्याला धड चालवत नसे. म्हणून डोंगर चढणं, रोपं गोळा करणं, फळ्या-कागदांचं ओझं, शिधा आणि बंदुका वाहणं हे बरंचसं तिच्या अंगावर असे. कोमेरसाँ तिला ओझ्याचं जनावर म्हणे, आणि ते तो कौतुकानं म्हणे. जहाजावर परतल्यावर रोपं कागदात पसरायची, दाबायची, ओले कागद बदलायचे. उष्ण कटिबंधातल्या दमट हवेत हे काम किती चिकाटीचं असेल, ते पावसाळ्यात डब्यातले पापड बुरशीपासून जपणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

ब्राझीलच्या किनाऱ्यावर या दोघांनी जांभळ्या पानांची एक काटेरी वेल गोळा केली. कोमेरसाँचा पाय पाहता ती झाननंच आणली असावी असं काही अभ्यासकांना वाटतं. वेलीला नाव मिळालं मोहिमेच्या प्रमुखाचं. तीच आपली बोगनवेल. आपल्याकडे शाळेच्या, दवाखान्याच्या, पोलीस ठाण्याच्या कुंपणावर ती दिसते.

१७६८ च्या एप्रिलमध्ये जहाजं ताहिती बेटाला लागली. बूगॅनव्हिलच्या सांगण्याप्रमाणे झान रोपं गोळा करायला किनाऱ्यावर उतरली, तेव्हा तिथल्या लोकांनी तिला गराडा घातला आणि ही बाई आहे असं ते ओरडू लागले. एका अधिकाऱ्यानं तिला सोडवून नावेपर्यंत पोचवलं. मग जहाजावर तिनं बूगॅनव्हिलजवळ सगळं कबूल केलं. ही सफर जगाला वळसा घालणार हे आपल्याला ठाऊक होतं आणि त्याचीच आपल्याला उत्सुकता वाटली, असं तिनं सांगितल्याचं त्यानं १७७१ साली छापलेल्या वृत्तांतात लिहिलं आहे. तिच्या धैर्याची स्तुती करताना तिच्या रूपाबद्दल शेरा मारायलाही तो विसरला नाही.

मला यातला 'उत्सुकता' हा शब्द फार मोलाचा वाटतो. ती मालकाच्या प्रेमाखातर गेली, पोटासाठी गेली, असं आपण सहज म्हणू. तेही असेल. पण तिच्या तोंडी आलेलं कारण हे आहे की तिला जग बघायचं होतं. मोलकरणीलाही जग बघावंसं वाटतं, हे आपण तरी सहज मान्य करतो का?

उघड झाल्यानंतर तिचं काय झालं, याबद्दल एकमत नाही. जहाजावरच्या शल्यवैद्याच्या लिखाणात वेगळीच हकीकत आहे. ते सगळं तपासून ग्लिनिस रिडले या अभ्यासिकेनं २०१० साली चरित्र लिहिलं. न्यू आयर्लंड बेटावर बरोबरच्याच पुरुषांनी झानवर सामूहिक बलात्कार केला, असा निष्कर्ष तिनं काढला आहे. काही अभ्यासकांना तो मान्य नाही. झाननं स्वतः लिहिलेलं काही आपल्यापाशी नाही. तिच्याबद्दल जे आहे ते पुरुषांच्या वह्यांतून आहे.

इथं थोडं थांबून त्या बेटावरच्या बायांकडेही पाहू. बूगॅनव्हिलनं ताहितीला प्रेमदेवतेच्या बेटाचं नाव दिलं. मोकळ्या मनाच्या, हसत सामोऱ्या येणाऱ्या बायांचं बेट ही कल्पना तिथून युरोपभर पसरली आणि आजही सहलींच्या जाहिरातीत ती विकली जाते. पण त्याआधी वर्षही झालं नव्हतं, जून १७६७ मध्ये, वॉलिस या इंग्रज कप्तानानं त्याच बेटावरच्या लोकांवर तोफा डागल्या होत्या. त्यानंतर लोखंडी खिळ्यांच्या बदल्यात बायांची शरीरं असा व्यवहार तिथं सुरू झाला. तोफेनंतरच्या स्वागताला संमती म्हणायचं का, हे या खोलीत बसलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

नोव्हेंबर १७६८ मध्ये जहाजं मॉरिशसला आली. तेव्हा तिथं फ्रेंचांचं राज्य होतं. कोमेरसाँ आणि झान तिथंच उतरले. १७७३ साली कोमेरसाँ वारला. परक्या बेटावर झान एकटी राहिली. तिनं पोर्ट लुईत खानावळवजा गुत्ता चालवला. १७७४ साली एका सैनिकाशी लग्न केलं, आणि पुढच्या वर्षाच्या सुमाराला फ्रान्सला परतून तिची प्रदक्षिणा पुरी झाली. ना स्वागत, ना तोफांची सलामी. १७८५ मध्ये मात्र नौदल खात्यानं तिच्या कष्टांची दखल घेऊन तिला वर्षाला २०० लिव्र पेन्शन दिलं. १८०७ साली ती वारली. कोमेरसाँच्या नावे पॅरिसला गेलेल्या संग्रहात सहा हजारांहून अधिक नमुने होते. त्यानं एका वनस्पतीला झानचं नाव दिलं होतं, पण ते टिकलं नाही. शेवटी २०१२ साली दक्षिण अमेरिकेतल्या, बटाटा-वांग्याच्या कुळातल्या एका वेलीला 'सोलॅनम बारेतिए' असं नाव मिळालं. मध्ये जवळजवळ अडीच शतकं गेली.

झान गरीब होती म्हणून हे झालं असं कुणी म्हणेल. तर दुसरं उदाहरण घ्या. १८१७ साली रोझ द फ्रेसिने ही कप्तानाची बायको पुरुषवेषात नवऱ्याच्या जहाजावर चढली आणि तीन वर्षं हिंडली. सामोआजवळच्या एका प्रवाळबेटाला नवऱ्यानं तिचं नाव दिलं. पण मोहिमेच्या सरकारी वृत्तांतात तिचा उल्लेख नाही. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या तळाचं मूळ चित्र आहे, त्यात ती दिसते. छापलेल्या चित्रात ती नाही. तिची रोजनिशी छापली गेली १९२७ साली. म्हणजे वर्ग बदलला की वागणूक बदलते, पण वहीतून नाव गाळणं तेच राहतं.

आता मॉरिशसवर परत येऊ, कारण तिथं आपलंही नातं आहे. झान त्या बेटावर होती तेव्हा तिथली शेतं गुलाम कसत. पळून गेलेल्या गुलामाचे कान कापायची शिक्षा कायद्यातच लिहिलेली होती. मळ्यातून पायी निघून जाणं हाच गुन्हा. १८३५ साली गुलामी संपली. पण त्याच्या आदल्या वर्षीपासूनच भारतातून कराराचे मजूर तिथं नेले जाऊ लागले. शतक संपेपर्यंत लाखो माणसं गेली. त्यांत आपल्या रत्नागिरीकडची, साताऱ्याकडची मराठी कुटुंबंही होती. त्यांची पोरं-नातवंडं आजही तिथं मराठी शिकतात. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर हे लोक उतरत, तो 'आप्रवासी घाट' आता जागतिक वारसा म्हणून जपला आहे.

या आपल्या आज्या-पणज्याही कित्येक आठवडे जहाजावर राहिल्या आणि उष्ण कटिबंधातल्या बेटावर पायी चालल्या. त्यांना कुणी प्रवासी म्हटलं नाही. १८६७ च्या कायद्यानं तर करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेला पास सतत जवळ बाळगावा लागे. पासाशिवाय आपल्या जिल्ह्याबाहेर सापडला की भटकेगिरीचा गुन्हा. त्याविरुद्ध १८७१ साली ९,४०१ जणांनी अर्ज केला आणि त्यामुळे चौकशी आयोग बसला. त्याच १८७१ साली इथं भारतात गुन्हेगार जमाती कायदा आला. पारध्यांना पासाशिवाय गाव सोडता येईना. फिरणारा गरीब माणूस म्हणजे गुन्हेगार, ही समजूत समुद्राच्या दोन्ही काठांवर एकाच राज्यकर्त्यानं कायद्यात घातली. पारधी वस्तीत काम करणाऱ्या मैत्रिणी सांगतील, १९५२ साली कायदा गेला, समजूत गेलेली नाही.

त्याच पोर्ट लुईला २०१८ च्या एप्रिलमध्ये एक शिडाची बोट लागली. 'तारिणी' तिचं नाव. गोव्यात बांधलेली, जेमतेम पंचावन्न फुटांची. वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली भारतीय नौदलाच्या सहा स्त्री-अधिकारी गोव्याहूनच निघून जगाला वळसा घालत होत्या. सुकाणू बिघडल्यामुळे त्यांना तिथं थांबावं लागलं. २१ मे २०१८ ला त्या गोव्याला परतल्या. पुढे २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच त्याच बोटीतून प्रदक्षिणा पुरी केली. कुणालाही छातीला पट्ट्या बांधाव्या लागल्या नाहीत.

पण टाळ्या वाजवण्याआधी आणखी एक गोष्ट ऐका. या सहाजणी परत आल्यावर दोन वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं नौदलातल्या बायकांना कायमस्वरूपी नेमणुकीचा हक्क दिला. त्या खटल्यात सरकारच्या बाजूनं असंही सांगण्यात आलं होतं की काही जहाजांवर बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय नाही. न्यायालयानं ते मानलं नाही. पण पाहा, झानच्या वेळचा प्रश्न २०२० पर्यंत चालत आला. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी'च्या कार्यकर्त्या हेच सांगत आल्या आहेत. सोय नाही म्हणून बाई नको, असं म्हणायचं, आणि बाई नाही म्हणून सोय करायची नाही.

तेव्हा या हकीकतीतून आपल्या कामासाठी मी तीन गोष्टी घेते. पहिली, कारणाशिवाय फिरण्याचा हक्क आपण मागितला पाहिजे. पाणी, दवाखाना, शाळा यांसाठी बाईला बाहेर पडू द्या, असं आपण घरच्यांना पटवून देतो. ते करूच. पण तिला नुसतं बघायचं आहे, हेही पुरेसं कारण आहे. दुसरी, संडास-मुतारीचा प्रश्न हा फिरण्याचाच प्रश्न आहे. आपल्या निवेदनात तो शेवटच्या ओळीत नको, वर हवा. तिसरी, नोंद. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर 'व्यवसाय: काही नाही' असं लिहिलेल्या किती बाया दिवसाचे आठ-दहा तास राबतात, ते तुम्हाला माहीत आहे. झाननं वाहिलेली ओझी कोमेरसाँच्या नावे पॅरिसला गेली. आपल्या गावातल्या बाईचं काम कुणाच्या नावे जातं, ते आपल्या वहीत, तिच्या शब्दांत यायला हवं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं ऐकून लिहायचं आणि त्यांना वाचून दाखवायचं.

जेवणानंतरच्या सत्रात भाषण नाही. दोघी-दोघींनी गावात तासभर पायी जायचं आहे. पिशवी घ्यायची नाही, काम काढायचं नाही. वाटेत कुणी, किती वेळा, काय विचारलं ते लिहून आणा. कुठल्या रस्त्यावर बाई दिसली, कुठं दिसली नाही, आणि बाईला जाता येईल अशी मुतारी कुठं आहे, तेही लिहा. चार वाजता आपण ते सगळं फळ्यावर मांडू आणि त्यावरून ग्रामपंचायतीला द्यायच्या निवेदनाचा मसुदा इथंच तयार करू.