डॉक्टरांचा वकील

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याच्या हाताखाली रोगी दगावला, त्या डॉक्टराला मात्र ती पायरी कधी कधी चढावीच लागते. त्या वेळी त्याच्या बाजूने उभा राहणारा वकील लोकांना फारसा प्रिय नसतो. समोर शोकाकुल आईबाप असताना हा दोषाऱ्याचा कैवार घेतो, असे सर्वांस वाटते. वस्तुतः या वकिलाचे पहिले काम आपल्या अशिलाचीच उलटतपासणी घेणे हे होय. रोगी किती वाजता आला, नाडी कशी होती, भूल दिली की नाही, संमती कोणाची घेतली, या प्रश्नांची उत्तरे त्याला केसपेपरात शोधावी लागतात. तेथे जे लिहिलेले नाही, ते पुढे कोर्टात पटवून देणे फार कठीण जाते.

पुण्याचा एक खटला या दृष्टीने उद्बोधक आहे. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाचे डाव्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यास आणले. ज्या दिवशी आणले, त्याच रात्री तो मरण पावला. वडील स्वतः डॉक्टर होते. पुरेशी भूल न देता, माणसे लावून पाय जोराने ओढला व त्या धक्क्याने मुलगा गेला, असा त्यांचा आरोप होता. हाड बसविण्याचे काम आपण पुढे ढकलले होते, असा बचाव करण्यात आला. पण तो न्यायालयांना पटला नाही. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानेही वडिलांच्या बाजूचा निर्णय कायम केला. नुकसानभरपाई होती ३,००० रुपये. पंधरा वर्षे लढणारा बाप तेवढ्या पैशांसाठी लढत नव्हता, हे उघड आहे. आपल्या मुलाचे काय झाले, हे त्याला हवे होते.

याच निकालात डॉक्टरांच्या वकिलाला उपयोगी पडणारे तत्त्वही आहे. कायदा डॉक्टराकडून सर्वोच्च कौशल्य मागत नाही, वाजवी कौशल्य व वाजवी काळजी मागतो. रोगी बरा झाला नाही, एवढ्यावरून हयगय सिद्ध होत नाही.

पुढे पंजाबातील एका खटल्यात हा भेद अधिक स्पष्ट झाला. १९९५ साली लुधियान्याच्या एका रुग्णालयात श्वास कोंडलेल्या वृद्धासाठी आणलेले प्राणवायूचे नळकांडे रिकामे निघाले आणि तो दगावला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांवरील फौजदारी खटला रद्द केला. दिवाणी जबाबदारी रुग्णालयावर येऊ शकेल. परंतु डॉक्टराला गुन्हेगार ठरविण्यास ढोबळ स्वरूपाची हयगय दिसली पाहिजे, आणि फिर्याद पुढे नेण्यापूर्वी तज्ज्ञ डॉक्टरांचे निःपक्षपाती मत घ्यावे, असे न्यायालयाने सांगितले.

दुर्दैव, चूक आणि हयगय या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या वेगळ्या करून दाखविणे, हेच या वकिलाचे खरे कार्य. पहिल्या दोहोंत त्याने अशिलासाठी निर्भयपणे उभे राहावे. तिसरी आढळली, तर तडजोडीचा सल्ला वेळीच द्यावा. आणि एक गोष्ट त्याने प्रत्येक डॉक्टराला सांगावी: मृत्यूनंतर नातेवाइकांना टाळू नये; त्यांच्यासमोर बसून घडले ते सांगावे. ज्या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयाच्या दारात मिळत नाही, तोच प्रश्न पुढे वकिलामार्फत कोर्टात विचारला जातो.